वाचनाच्या तासाला 'व्यापार' मांडावा का?

सोंगटी:
सातवीला आठवड्यातून एकच वाचनाचा तास असतो. गेल्या महिन्यात मी त्या तासाला शाळेच्या ग्रंथालयात 'व्यापार'चा पट मांडला. दुपारी वहीत शेरा आला: "वाचनाच्या तासाला खेळ का?"

म्हणून इथे विचारतेय. झालं असं की, एका मुलाला पहिल्या फेरीतच तीन महागडी शहरं मिळाली. चौथ्या फेरीपर्यंत बाकीचे भाडं भरून भरून बेजार. बँक सांभाळणारी मुलगी तर उधारी पुस्तकाच्या कार्डामागे मांडायला लागली. मग एक जण वैतागून म्हणाला, "बाई, हा आता हरूच शकत नाही!" उरलेली पंधरा मिनिटं त्या एका वाक्यावर गेली. फासे तर सगळ्यांना सारखेच होते, मग असं का झालं? नागरिकशास्त्राचा धडा वाचून असा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

खडूफळा:
पटसंख्या किती ताई? माझ्या वर्गात ५२ पोरं. पटावर सहा भिडू, उरलेली ४६ "ए, फासा दाखव" करत एकमेकांच्या खांद्यावर. नोटा वाटण्यातच दहा मिनिटं जातात.

खरा आक्षेप वेगळाच आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत पाठ्यपुस्तक सोडून दुसरं पुस्तक नाही. खेळ त्यांना गल्लीत मिळतो, गोष्टीचं पुस्तक मिळत नाही. तो एक तास तरी सोडा की.

जुनं_कपाट:
सोंगटीताई, तुमच्या त्या मुलानं नेमकी मेख पकडली. आपला 'व्यापार' ज्या मोनोपॉलीवर बेतलाय, तिचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. पेटंट १९०४ चं. बाई हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या अनुयायी. जमीन थोड्यांच्या हाती गेली की बाकीचे कसे नागवले जातात, हे पटावर दिसावं म्हणून त्यांनी हा खेळ केला. पुढे त्याला दोन प्रकारचे नियम दिले: एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचाच फायदा. पार्कर ब्रदर्सनी १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आणली आणि बाईंचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं. ग्रंथालयात हा पट आणि त्याची ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवता येईल.

खडूफळा:
मग हा दाखला माझ्याच बाजूचा झाला! बाईंनी खेळ केला मक्तेदारी वाईट हे दाखवायला, आणि जग खेळलं दुसऱ्याला कंगाल करायची मजा घ्यायला. फासे हातात आले की करणाऱ्याचा हेतू कोण विचारतो?

बिघडलेला_माऊस:
व्हिडिओ गेमचंही तेच. 'ओरेगॉन ट्रेल', म्हणजे बैलगाड्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेला वस्तीला जाणाऱ्यांच्या वाटेवरचा खेळ, १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका प्रशिक्षणार्थी शिक्षकानं दोन मित्रांच्या मदतीनं इतिहासाच्या वर्गासाठी केला. तेव्हा पडदा नव्हताच, टेलिटाइपवर सगळं कागदावर छापून यायचं. बैल किती, धान्य किती, गोळ्या किती, पैसे पुरवून पश्चिमेला पोचायचं. हिशेब उत्तम! पण शिकार करायची तर 'बँग' पटकन टाइप करायचं, आणि पोरांच्या ध्यानात राहते ती शिकारच. ती वाट ज्यांच्या मुलखातून गेली, त्या मूळ रहिवाशांच्या नजरेनं मात्र त्या जुन्या खेळात फारसं काही दिसत नसे. तरी मी खेळाच्या बाजूनेच आहे, फक्त मोबाइलवर नको. पट चार जणांना समोरासमोर बसवतो, भांडायला लावतो.

सोंगटी:
खडूफळा सर, हेतू विसरला जातो हे मान्य. म्हणून तर डाव मध्येच मोडावा लागतो. शेवटपर्यंत खेळू दिला असता तर तो मुलगा जिंकला असता, टाळ्या झाल्या असत्या, संपलं. आता पुढच्या खेपेला फरशीवर खडूनं पट आखणार, सहा-सहाचे गट, आणि बाईंचे दुसरे नियम लावून बघणार. गटातल्या एकानं नियम मोठ्यानं वाचायचे. तेही वाचनच की!

खडूफळा:
फरशीचं पटलं. पण वाचनाचा तास सोडा, कार्यानुभवाचा घ्या.

सोंगटी:
तो गणिताच्या सरांनी जूनमध्येच घेतलाय.