गळक्या स्टिअरिंग बॉक्समध्ये ग्रीस भरावे की १४० नंबरचे ऑइल?

मूळ मत
आमच्याकडे १९७० च्या दशकातला मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर अजून पेरणीला जातो. त्याच्या स्टिअरिंग बॉक्समधून दोन्ही बाजूंना शाफ्ट बाहेर येतात आणि त्यांवर ड्रॉप आर्म (चाके वळवणारे लोखंडी हात) बसतात. डाव्या आर्मच्या मागून ९० नंबरचे ऑइल थेंबथेंब पाझरते आणि गिअरबॉक्सच्या अंगावर धूळ धरून काळा राप चढतो. गावातल्या फिटरने सल्ला दिला की ऑइल काढून टाका आणि चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस ठासून भरा. माझा याला ठाम विरोध आहे. या बॉक्समध्ये वर्म (स्टिअरिंगबरोबर फिरणारा आटेदार दांडा) आणि त्यावर सरकणाऱ्या नटाच्या मधून छर्रे फिरतात. घट्ट ग्रीस त्यांच्या वाटेतून एकदा बाजूला सारले गेले की आपोआप परत येत नाही, त्यामुळे बॉक्स भरलेला दिसतो आणि छर्रे मात्र कोरडे चालतात. त्यापेक्षा १४० नंबरचे, म्हणजे ९० पेक्षा घट्ट, गिअर ऑइल भरावे. गळती मंदावते आणि जे उरते ते वाहत जाऊन छर्र्यांपर्यंत पोहोचते.

प्रतिसाद १
दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तो ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहणाऱ्यालाच लागू पडतो. ऐन नांगरटीत ते कोण पाहतो? वैशाखाच्या उन्हात बॉक्स तापला की १४० नंबरसुद्धा पातळ होऊन गळतेच, आणि सगळे गळून गेल्यावर छर्रे कोरडे पडणारच. रिकाम्या बॉक्सपेक्षा ग्रीसने भरलेला बॉक्स केव्हाही बरा, हे माझे अनुभवाचे बोल आहेत.

प्रतिसाद २
आपण दोघेही 'ग्रीस' म्हणताना २ नंबरचेच, म्हणजे चाकाच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस डोळ्यांसमोर ठेवत आहात, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. ग्रीसचा घट्टपणा मोजण्याच्या चाचणीत २५ अंश तापमानाला ठरावीक वजनाचा शंकू २ नंबरच्या ग्रीसमध्ये २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, तर ०० नंबरमध्ये ४० ते ४३ मिलिमीटर. हे ०० नंबरचे ग्रीस पातळ पिठल्यासारखे असते. ते हळूहळू का होईना, परत छर्र्यांकडे सरकते आणि शाफ्टभोवतीच्या झिजलेल्या सीलमधून सहजासहजी निसटत नाही. मात्र आधी जुने ऑइल पूर्ण काढून बॉक्स डिझेलने धुवावा आणि चांगला निथळू द्यावा.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
०० नंबरचा पर्याय मला मान्य आहे, पण हंगाम निभावण्यापुरताच. माझ्या बॉक्समध्ये मी आर्म धरून वरखाली हलवला तेव्हा शाफ्ट स्पष्ट डुलला, म्हणजे बुश (शाफ्टला आधार देणारी धातूची नळी) झिजून गेलेला आहे. अशा शाफ्टवर नवे सील बसवले तरी त्याची ओठासारखी कड एका बाजूने दबून लवकरच फाटते. ऑइल भरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: बुश पितळी किंवा ब्राँझचा असेल तर जीएल-५ ऐवजी जीएल-४ दर्जाचे ऑइल घ्यावे, कारण जीएल-५ मधील गंधकाची जास्त मात्रा त्या धातूला खाऊ शकते.

प्रतिसाद १
बुश गेला असेल तर मीही ग्रीसचा हट्ट धरणार नाही. माझा आग्रह फक्त काम अडू नये एवढाच होता. बुश बदलण्यासाठी आर्म पुलरने (ओढून काढण्याच्या अवजाराने) ओढण्याआधी आर्म आणि शाफ्ट या दोन्हींवर पंचने समोरासमोर खूण करा. शाफ्टच्या दात्यांवर आर्म एक दाता जरी इकडचा तिकडे बसला, तरी चाके सरळ असताना स्टिअरिंग मध्यावर येत नाही.