विषय: नागपूरच्या अभ्यासिकेसाठी छोटे लॅपटॉप, दहा हजारांत बसतील का?

मंडळी, नमस्कार.

नंदनवनच्या अभ्यासिकेतल्या अकरावी-बारावीच्या मुलींसाठी आठ छोटे लॅपटॉप घ्यायचं ठरलंय. वर्गणी 80 हजार जमली, म्हणजे नगामागे दहा हजार. इंटरनेट आणि टायपिंग, एवढंच काम आहे. ताई सध्या माहेरी नागपुरात आहेत, त्यांनी बाजार बघून सांगावं.

– खजिनदार

---

खजिनदार भाऊ,

काल बर्डीला तीन दुकानं पालथी घातली. दहा हजारांत नवा लॅपटॉप नाही. कोणी देतो म्हणालाच तर घेऊ नका.

हा आकडा आपल्या डोक्यात कुठून बसला ते मला ठाऊक आहे. 2005 साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा झाली. 2007 मध्ये तो कारखान्यातून निघाला तेव्हा दोनशेच्या घरात गेला होता. त्याच वर्षी असूसचा सात इंची ई पीसी 199 डॉलरला येणार म्हणून गाजला आणि अमेरिकेत 399 ला हातात पडला. यंत्र लहान केलं म्हणून पडदा, बॅटरी, कीबोर्ड यांचा खर्च तेवढा उतरत नाही. मग कात्री लागते रॅमला, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेला, आणि साठवणीला.

अजून तेच चाललंय. 2023 चं जिओबुक 16,499 रुपयांना आलं, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण. विंडोज 11 ची किमान अट नेमकी एवढीच आहे, म्हणजे या मापाचा विंडोजवाला लॅपटॉप पहिल्या दिवसापासून काठावर. वर दोन्ही चिप बोर्डावरच डाग देऊन बसवलेल्या, पुढे वाढवता येत नाहीत. भाचीला असाच एक मी घेऊन दिला होता. वर्षभरात जागा संपली. तिने फोटोसुद्धा पुसले, तरी अपडेट अडलेलंच. ऐन प्रवेशाच्या दिवसांत ती अर्ज भरायला सायबर कॅफेच्या रांगेत उभी होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. अशा छोट्या यंत्रांत बहुधा पंखा नसतो. बऱ्याच लॅपटॉपच्या पुस्तिकेत 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं. इथे मे महिन्यात पारा 45 गाठतो, आणि अभ्यासिकेला पत्र्याचं छत आहे. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. दुपारी चार मुली एका पानासाठी ताटकळतील.

माझं मत, कंपन्यांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप घ्यावेत. पंखा असतो, रॅम आणि एसएसडी, म्हणजे साठवणीची चकती, बऱ्याच मॉडेलांत बदलता येते. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, याला मला 18 हजार सांगितले. सहावी-सातवी पिढी बरीच स्वस्त दाखवतात, पण विंडोज 10 ची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि त्या पिढ्या जवळपास सगळ्याच 11 च्या यादीत नाहीत. आय-5 च्या पुढे 8250 सारखा, आठाने सुरू होणारा आकडा बघायचा. बॅटरी मात्र थकलेलीच येते, तिचे पैसे वेगळे धरा.

आठाचा हट्ट सोडून चार घेऊ या. मुली तशाही दोन पाळ्यांत येतात.

– ताई

---

ताई, पटलं. चारांचे 72 हजार, उरलेल्या आठात बॅटऱ्या. शुक्रवारी पैसे पाठवतो. दुकानदाराकडून सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्याल का? आणि तुम्ही तिथे आहात तोवर एक यंत्र भर दुपारी अभ्यासिकेतच दोन तास चालवून बघा, मग बाकीचे तीन उचलू.

– खजिनदार