स्कोपवर रेषा स्वच्छ दिसली तरी ग्लिच असू शकतो

बोर्ड मध्येच आपोआप रिसेट होतो, पण त्याची रिसेट लाइन (चिपला पुन्हा सुरू करणारी सिग्नलची तार) स्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, स्वच्छ दिसते, म्हणजे दोष प्रोग्रॅममध्येच, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मला पटत नाही. टाइमबेस (पडद्यावरच्या एका चौकटीचा वेळ) 100 मिलिसेकंदांवर ठेवला की पडद्याच्या 10 चौकटींत पूर्ण 1 सेकंद बसतो. मेमरी 10 लाख नमुन्यांची असेल तर दोन नमुन्यांत 1 मायक्रोसेकंदाचं अंतर पडतं. 50 नॅनोसेकंदांचा ग्लिच (सिग्नलमधली नको असलेली क्षणिक उसळी) त्यातून बहुतेक वेळा निसटणारच! पीक डिटेक्ट मोड लावा, त्यात स्कोप दोन नमुन्यांमधली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान पातळीही टिपतो. त्याहून बरं म्हणजे पल्स विड्थ ट्रिगर '100 नॅनोसेकंदांपेक्षा कमी' असा लावून (म्हणजे इतकी अरुंद उसळी आली की स्कोप ती टिपतो), ट्रिगर मोड नॉर्मलवर ठेवा, म्हणजे उसळी येईपर्यंत स्कोप थांबून राहील, आणि बोर्ड तसाच चालू राहू द्या.

आणि ग्लिच सापडला तरी तो दाबायला लगेच कपॅसिटर जोडायला धावू नका. आधी प्रोबचं (स्कोपच्या मोजणीच्या वायरचं) टोक, ग्राउंड क्लिप जिथे लावलीय तिथेच टेकवून बघा. बोर्डवरचा रिले (विजेने चालणारा स्विच) बंद होताना तरीही उसळी दिसली, तर ती क्लिपच्या लांब वायरने हवेतून पकडलेली आहे. माझ्याकडच्या एका पंप कंट्रोलरवर नेमकं हेच होत होतं. क्लिप काढून टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावल्यावर उसळी बरीच लहान झाली, उरला तो खरा ग्लिच. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (कॉइल बंद होताना उठणारी व्होल्टेजची उसळी दाबणारा) घातल्यावर तोही गेला.