मन थाऱ्यावर येईना, काय करावं?

हिंगोलीचा शेतकरी:
राम कृष्ण हरी मंडळी. यंदा सोयाबीन पाण्याखाली गेलं, शेंगातच कोंब फुटले, पंचनामा झाला पण हातात किती पडंल अन कवा ते कुणालाच सांगता येईना. सोसायटीचं कर्ज, पोरगी बारावीला. घर माळकरी, वडील आयुष्यभर वारी करत आले, मी बी रोज माळ घेऊन बसतो पण तोंडात नाव अन डोक्यात हप्ता असं होयलंय. परवा नर्सीला नामदेव महाराजांच्या मंदिरात जाऊन बसलो तर तिथं बी तेच. रात्री झोप नाही. देव देव करून खरंच आधार मिळतो का? मनापासून विचारायलो.

गंगाखेडची ताई:
दादा, नाव घेताना हप्ता आठवला म्हणून नाव वाया गेलं असं कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली, दळणकांडण केलं, काम टाकून देव शोधायला कुठं गेली नाही, उलट विठ्ठल माझ्यासंगं दळू लागतो म्हणाली. अन सगळं गोडगोड नव्हतं बरं, त्याच विठ्ठलाला तिनं शिव्या पण घातल्यात. आमचे मालक गेले तेव्हा मला माळ हातात धरवत नव्हती, मी भाकरी थापता थापता देवाशी मोठ्यानं भांडायचे, पण बोलणं बंद केलं नाही. तुम्ही एकटे बसू नका एवढं ऐका. गावात संध्याकाळी हरिपाठ होत असंल तर जाऊन टाळ धरा, आपला आवाज नाही निघाला तरी बाकीच्यांचा आवाज ओढून नेतो.

औसेकर:
आमचं मूळ गाव किल्लारी पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोकं झोपलेली, पहाटे चारच्या आसपास भूकंप झाला अन दगडमातीची घरं अंगावर पडून हजारो माणसं गेली. मी लहान होतो. आमच्या आजीचं घर, दागिने, दोन लेकरं, सगळं त्या पहाटे गेलं, अन पुढं पत्र्याच्या शेडमधी राहायला लागलं तरी ती रोज उठून शेडपुढं सडा टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, दिवस उगवलाय तर सडा नको का? रडायची पण, सडा टाकता टाकता रडायची. श्रद्धा म्हणलं की मला तीच आठवते. भाऊ, वर्षाचा हिशोब आज रात्री लागत नसतो, सध्या रब्बीचं तेवढं बघा.

नर्स_संभाजीनगर:
वरचं सगळं पटलं, फक्त झोपेचं हलकं घेऊ नका दादा. वॉर्डात अशी माणसं खूप बघते, घरच्यांना काहीच सांगत नाहीत अन आतल्या आत खचतात. झोप लागतच नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. देवाचं नाव घेणाऱ्यानं डॉक्टरकडं जाऊ नये असं कुठल्याच संतानं सांगितलेलं नाही. अन पैठणचे नाथ महाराज बघा की, बायकोलेकरांत राहूनच परमार्थ केला त्यांनी. वहिनींना कर्जाचा आकडा माहीत आहे का?

हिंगोलीचा शेतकरी:
नाही ताई, बायकोला अर्धाच माहीत आहे, वडिलांना तर काहीच नाही. आज जेवणं झाली की दोघांना बसवून सांगतो. नंबर सेव्ह केला. हरिपाठ मारुतीच्या पारावर असतो, वडील जातातच, त्यांच्यासंगं जाईन. औसेकर भाऊ, वापसा आला की हरभरा पेरायचा विचार आहे, बियाणं तेवढं उधारीवर बघावं लागंल.