मॉर्गनने जुनी चेसिस टाकली, ते बरं केलं का?

माल्व्हर्नकर

जुन्या धाटणीच्या स्पोर्ट्स मोटारी बनवणाऱ्या मॉर्गनचा इंग्लंडमधल्या माल्व्हर्न लिंकचा कारखाना आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी तिथेच नेतो. एका शेडमध्ये सुतार ॲशच्या लाकडाला आकार देत असतात, दुसरीत पत्र्याचं काम. मोटारीचा कारखाना बघायला आलोय की सुताराचा, असा प्रश्न पाहुण्यांना पडतोच. परवा मेव्हण्याला मात्र वेगळाच प्रश्न पडला. "खाली सगळं नवीन आहे, मग ही मॉर्गन कशी?"

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९३६च्या 'फोर-फोर'पासून चालत आलेली पोलादी चेसिस (गाडीची खालची चौकट) मॉर्गनने २०२०मध्ये बंद केली. आता 'प्लस फोर' या मॉडेलला खाली ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली चेसिस, पुढे बीएमडब्ल्यूचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, आणि हवा असेल तर ऑटोमॅटिक गिअरसुद्धा. लाकडी सांगाडा, लांब बॉनेट, वाहते मडगार्ड तेवढे तसेच.

माझ्या मते बरं केलं. जुन्या गाडीत पुढचं चाक एका उभ्या खांबावर वरखाली सरकायचं. ही रचना कंपनीच्या अगदी पहिल्या तीनचाकीपासूनची, म्हणजे शंभरीच्या पुढची. त्या खांबांना तेल पाजायला ड्रायव्हरच्या पायाशी एक बटण. अधूनमधून दाबायचं, इंजिनातलं तेल तिकडे जातं. ऐकायला गोड वाटतं. शेजाऱ्यांची जुनी गाडी अर्धा दिवस चालवली, मागचे पाटे इतके कडक की रात्री उभ्यानेच जेवलो.

पॉइंट_कंडेन्सर

सपशेल असहमत.

१९९०मध्ये बीबीसीने सर जॉन हार्वी-जोन्स यांना या कारखान्यात नेलं होतं. आयसीआयसारख्या अवाढव्य कंपनीचे माजी अध्यक्ष. ते म्हणाले, पद्धती बदला, उत्पादन वाढवा. मॉर्गन कुटुंबाने सल्ला ऐकून घेतला आणि बव्हंशी बाजूला ठेवला. कार्यक्रम दाखवल्यावर झालं काय, तर आधीच काही वर्षांची असलेली प्रतीक्षा यादी आणखी लांबली!

त्याच्याही आधी १९६३मध्ये त्यांनी स्वतःच आधुनिक व्हायचं ठरवलं होतं. 'प्लस फोर प्लस' नावाची फायबरग्लासची बंद टपाची गाडी काढली. किती खपल्या? चार वर्षांत २६. लोकांना काय हवं ते लोकांनी सांगून झालं होतं.

माल्व्हर्नकर

पॉइंटराव, उदाहरण तुमचं, पण ते माझ्याच बाजूने बोलतंय. 'प्लस फोर प्लस'च्या खाली होतं काय? तीच जुनी चेसिस, तेच सरकते खांब! म्हणजे लोकांना जे आवडत होतं ते काढलं आणि जे त्रास देत होतं ते ठेवलं. २०२०मध्ये नेमकं उलट केलं. मधे २०००मध्ये 'एरो एट' आली, तिची चेसिसही ॲल्युमिनियमची होती. लोक चेसिसवर नाही, तिच्या तिरळ्या दिव्यांवर हसले. (ते दिवे फोक्सवॅगन बीटलचे होते, डावे-उजवे अदलाबदल करून बसवलेले. कुणाला सुचलं असेल हे?)

फुकटफौजदार

मॉर्गन लहान आहे, तिचे लाड चालतात. एमजी कंपनीच्या 'एमजीबी' या उघड्या स्पोर्ट्स गाडीचं बघा. १९७४च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी इंच-दीड इंच वर उचलली. शिवाय वळणावरचं कलणं रोखणारा पुढचा अँटी-रोल बारही काढला. वळणावर ती अशी कलायला लागली की कंपनीला दोन वर्षांत बार परत द्यावा लागला. १९८०मध्ये ॲबिंग्डनचा कारखानाच बंद. आज जुनी एमजीबी घेणारे कित्येकजण काळे बंपर काढून आधीचे क्रोमचे बसवतात. आधुनिकीकरण उलटं फिरवायला खिशातून पैसे!

आणि आताची एमजी? 'सायबरस्टर' भारतातही विकतात. विजेवर चालणारी, वजन दोन टनांच्या घरात, जुन्या एमजीबीच्या जवळपास दुप्पट. नाव तेवढं वडिलोपार्जित.

ज्यांना टप उघडावा, पावसात गाडी सुरू व्हावी आणि खाली तेलाचं थारोळं नसावं असं वाटतं, त्यांच्यासाठी माझदाने १९८९मध्येच एमएक्स-५ काढली. ब्रिटिश गाडीची बैठक, जपानी सुटे भाग. ती घ्या आणि म्हातारीला त्रास देऊ नका.

सायली_कॉव्हेंट्री

सगळे पुरुष चेसिसवर भांडताहेत म्हणून एक मालकीण मधे तोंड घालते. माझ्याकडे १९७२ची एमजीबी आहे. शोभेची नाही, मुलीला पोहायला नेते तिच्यातून.

काय बदललं ते सांगते. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे यांत्रिक संपर्क, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. झाकण तेच, बाहेरून कुणाला कळत नाही, आणि काढलेले पॉइंट डिकीत डब्यात ठेवलेत. पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, कारण २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. मागचे दिवे एलईडीचे केले. एम-४० महामार्गावर मागून ट्रक येतो तेव्हा त्या ड्रायव्हरला माझी गाडी दिसावी, एवढीच माफक अपेक्षा. मूळ दिवा म्हणजे देवघरातली समई.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे सरकारने माझी काळजी सोडलीय. मग मी पण सोडू का?

पॉइंट_कंडेन्सर

सायलीताई, पॉइंट जपून ठेवलेत म्हणून तुम्हाला माफ. माझा आक्षेप जिथून परत फिरता येत नाही अशा बदलांना आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हेच म्हणते: विजेवर नेलेली गाडी तिच्या व्याख्येत ऐतिहासिक राहत नाही, आणि बदल करायचाच तर मूळ भाग जपून ठेवा, म्हणजे पुढे कुणाला परत बसवता येतील.

जॅग्वारने जुनी ई-टाइप विजेवर नेऊन केलेली 'ई-टाइप झीरो' आठवा. २०१८मध्ये प्रिन्स हॅरी लग्नाच्या संध्याकाळी मेगनला घेऊन तिच्यातून गेला. दिसायला देखणी, वादच नाही. पण सहा सिलिंडरचा तो आवाज? ही सगळी शिवलेली नऊवारी आहे. फोटोत तीच, पण नेसलेली नाही, चढवलेली.

सायली_कॉव्हेंट्री

शिवलेल्या नऊवारीला नावं ठेवू नका हं. इथल्या गणपतीत आम्ही ढोल वाजवतो ते तीच घालून. नेसवायला कॉव्हेंट्रीत आजी कुठून आणू?

आणि झीरोची बॅटरी मूळ इंजिनाच्याच मापाची आणि वजनाची केली होती, त्याच जागी बसेल अशी. परत इंजिन घालता येईल, असं तेव्हा जॅग्वारनेच सांगितलं होतं. तुमचा नियम ती पाळते, पॉइंटकाका.

पॉइंट_कंडेन्सर

येईल हो. घालणार कोण?

कोथरूड_गॅरेज

जॅग्वार २००८पासून टाटांची, म्हणजे घरचंच भांडण म्हणायचं. :)

पुण्यात हा वाद मनाचा नाही, कागदाचा आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी, चेसिस-इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. त्यामुळे इलेक्ट्रिकचा प्रश्न आपोआप मिटला. पेट्रोलचा मात्र वाढला. तुमच्याकडे १० टक्के म्हणता, आमच्या पंपावर २० टक्के इथेनॉल! सायलीताई, पाइप कुठला घातलात?

सायली_कॉव्हेंट्री

ज्यावर आर-९ छापलेलं असतं तो. माप बघून घ्या, आणि क्लॅम्पसुद्धा नवे. कार्ब्युरेटरच्या आतली रबरं विसरू नका, मी विसरले होते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. दर आठवड्याला चालवत असाल तर एवढी चिंता नाही.

फुकटफौजदार

धागा चेसिसचा, संपला पाइपवर. मॉर्गनचा निकाल काय लागला?

माल्व्हर्नकर

मेव्हणा म्हणाला, दोन्ही चालवल्याशिवाय सांगणार नाही. शेजारी जुनी द्यायला तयार आहेत, नव्या 'प्लस फोर'ची चाचणी फेरी शनिवारी ठरलीय. पॉइंटराव, या. आधी जुनी, मग नवी, आणि मग आमच्याकडे जेवण.

पॉइंट_कंडेन्सर

येतो. आधी नवी, मग जुनी. जेवण उभ्याने चालेल.