ग्लुकोजला फॉस्फेट जोडताना एटीपीच का लागतो?

प्रश्न: पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) फॉस्फेट जोडते; पण पेशीत मोकळे फॉस्फेट असताना त्यासाठी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा, तीन फॉस्फेट असलेला रेणू) का खर्ची पडतो?

उत्तर १: मोकळे फॉस्फेट ग्लुकोजला जोडायचे तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. एटीपीचे टोकाचे, म्हणजे तिसरे, फॉस्फेट ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर जाताना मात्र एकंदरीत ऊर्जा मुक्त होते आणि मागे दोन फॉस्फेटचा एडीपी उरतो.

उत्तर २: मॅग्नेशियम विसरू नये, विकर वापरते तो मॅग्नेशियमशी बांधलेला एटीपी. मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की ग्लुकोज बसताच विकराचे दोन भाग त्याभोवती मिटतात, पाणी बाहेर राहते आणि फॉस्फेट पाण्याऐवजी ग्लुकोजलाच मिळते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मग ग्लुकोज पेशीत अडकून राहते तेही यामुळेच का?

उत्तर १: होय, फॉस्फेटच्या ऋणभारामुळे ते ग्लुकोजच्या वाहक प्रथिनांतून परत बाहेर पडू शकत नाही.