डोक्याने फार पुढे असलेली माणसं : पुढे त्यांचं काय झालं? (अनुभव)

मृद्गंध_
परवा लेकीला शाळेतून एक गंमत करून आणायला सांगितली होती. कुठलीही चार आकडी संख्या घ्यायची, अंक आधी उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करायचं, जे येईल त्याला परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतो आणि मग तिथून हलतच नाही. कापरेकर स्थिरांक. तिने आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर घेतला, २०३५, बरोब्बर सातव्या पायरीला ६१७४ आला आणि बाई घरभर नाचल्या. माझी मात्र तव्यावरची पोळी करपली, कारण हे मला पहिल्यांदा आमच्या वर्गातल्या एका मुलाने दाखवलं होतं, सातवीत असताना, एसटीत बसून.

कराडकडचं आमचं गाव, तालुक्याला जायला सकाळी एकच गाडी. हा पडलेली तिकिटं गोळा करायचा आणि त्यांच्या नंबरांशी खेळत बसायचा. ६१७४ ला तो 'खड्डा' म्हणायचा. "कुठनंबी सोड, खड्ड्यातच जातंय बघ." कापरेकरांचं नाव ना त्याला माहीत होतं ना आमच्या सरांना. दहावीत वडील गेले, घरी धाकटी दोन भावंडं, शाळा सुटली ती सुटलीच. आता नाक्यावर मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे त्याचं.

गेल्या गणपतीत दुकानात गेले होते, सहज खड्ड्याचा विषय काढला तर म्हणाला "तीन आकडीचा खड्डा ४९५ हाय. पाच आकडीला खड्डाच न्हाई गं, नुसतं गोल गोल फिरतंय, मी लई दिवस बघितलं." घरी येऊन शोधलं तर शब्द न् शब्द खरं! हे सगळं त्याने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला करून बघितलंय, रात्री दुकान बंद करून, कुणालाही न सांगता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कापरेकर स्वतः शाळामास्तरच, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत. ६१७४ त्यांना १९४९ मध्ये सापडला. पदव्युत्तर शिक्षण नव्हतं म्हणून इथल्या कित्येक गणितज्ञांनी त्यांना मोजलं नाही, १९७५ मध्ये अमेरिकेत गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे नाव झालं, तोवर ते सत्तर वर्षांचे होते. पण निदान ते त्यांच्या वर्गातल्या पोरांना तरी भेटले. आमच्या मुलाला असं कुणीच भेटलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या आसपास असं कुणी होतं का? आता कुठे आहेत ती माणसं? लिहा.

डोंबिवलीकर_७७
कापरेकर म्हटल्यावर राहवत नाही. त्यांच्या 'डेमलो संख्या' (१२१, १२३२१ अशा ठरावीक घडणीच्या) म्हणजे आपलं डोंबिवली बरं का! त्या स्टेशनला तेव्हा डेमलो म्हणायचे, तिथे त्यांना ती कल्पना सुचली. लोकल पकडतोय, बाकी नंतर.

शमिका
मी ४४४४ घेतला, शून्य आलं :(

गोदाकाठ
@शमिका चारही अंक सारखे चालत नाहीत. ३५२४ घे, तीन पायऱ्यांतच येतो.

शमिका
आला आला! ३०८७, ८३५२, ६१७४. आता नवऱ्याला पकडते.

सोलापुरी_चटणी
माझी आत्या. मॅट्रिकला तालुक्यात पहिली, आजोबा म्हणाले पुरे झालं, पुढच्याच वर्षी लग्न. तिचं डोकं म्हणजे काय सांगू. सोलापूरला शेजारी कानडी कुटुंब होतं तर तीन महिन्यात नुसतं ऐकून कानडी बोलायला लागली, आणि रेल्वेचं अख्खं टाइमटेबल तोंडपाठ. म्हणजे नुसती आपल्या गावची गाडी नाही, दौंडला किती वाजता, पुढे मनमाडला कुठली गाडी मिळेल, ती चुकली तर मग काय, सगळं. आमच्या खानदानात कुणी प्रवासाला निघालं की आधी आत्याला फोन. वीसेक वर्षं असं चाललं असेल. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि फोन येणं बंद झालं. तिने एकदाच मला विचारलं, "हल्ली कुणी कुठं जात नाही का गं?" मी त्यानंतर मुद्दाम फोन करून गाड्या विचारायचे, माहीत असल्या तरी. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

गोदाकाठ
:( हे वाचून फोन खाली ठेवला मी.

वैदर्भीय
आमच्या नागपूरकडचं नाव निघालंच पाहिजे, श्रीकांत जिचकार. एमबीबीएस, एमडी, मग कायदा, मग एकामागून एक एमए, ४२ विद्यापीठ परीक्षा अन् २० पदव्या. आयपीएस झाले, सोडलं, आयएएस झाले, तेही सोडलं अन् १९८० मध्ये काटोलचे आमदार, वय २६ फक्त. माझे बाबा काटोलचे, ते सांगत की माणूस भेटला की घरच्यासारखा बोले, डिग्र्यांचा भार कुठं दिसत नसे. २ जून २००४ ला कोंढाळीजवळ गाडीचा अपघात झाला अन् गेले, पन्नाशीही नाही झाली. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. मी अजूनही त्या रस्त्याने जातो तेव्हा गाडी आपोआप हळू होते.

अनामिक_बहीण
लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. माझा दादा. चौथी आणि सातवी दोन्ही स्कॉलरशिप, दहावीला बोर्डाच्या गुणवत्ता यादीत, पेपरात फोटो, गावात सत्कार, शाल नारळ, सगळं. इंजिनीअरिंगला तिसऱ्या वर्षाला होस्टेलवरून फोन आला की हा खोलीबाहेर येत नाही, कुणीतरी विचार चोरतंय म्हणतो, आम्हाला काहीच कळेना, आधी वर्षभर देवधर्म बाहेरचं बघणं यात गेलं मग डॉक्टर, स्किझोफ्रेनिया. ते वर्ष वाया गेलं ते मला आजही टोचतं. लोक म्हणायचे अति अभ्यासाने डोकं फिरलं, अजून म्हणतात, आणि दरवेळी मी सांगते की अभ्यासाने हा आजार होत नाही, हुशार नसलेल्यांनाही होतो. गणितज्ञ वशिष्ठ नारायण सिंहांचं वाचलं होतं, बिहारमधल्या खेड्यातून अमेरिकेत बर्कलेला जाऊन १९६९ मध्ये पीएचडी, परत आले, मग हाच आजार, १९८९ मध्ये प्रवासात हरवले ते चार वर्षांनी सापडले. २०१९ मध्ये गेले आणि पद्मश्री त्यानंतर. आईला ते वाचून दाखवलं तर तिने एवढंच विचारलं, "चार वर्षं जेवायला कोण घालत होतं त्यांना?"

दादा आता बावन्न वर्षांचा आहे, गोळ्या नियमित, संध्याकाळी वाड्यातल्या चार पोरांना गणित शिकवतो. चांगला शिकवतो. पोरं त्याला घाबरत नाहीत.

मृद्गंध_
तू लिहिलंस हे फार बरं केलंस गं. आईंना माझा नमस्कार सांग.

सोलापुरी_चटणी
+१. आणि दादांनापण.

कुक्कुटपालन
त्या पोरांना ६१७४ नक्की दाखवायला सांगा दादांना.

अनामिक_बहीण
@कुक्कुटपालन दाखवलाय हो, त्याला आधीपासून माहीत होता. पोरांना घरून पाच पाच गाड्यांचे नंबर आणायला लावलेत.

रेवा_आई
थोडं विषयांतर, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, पाढे आपले आपण तयार करतो, घड्याळ, कॅलेंडर सगळं कळतं, टीचर म्हणतात आयक्यू टेस्ट करून घ्या. करावी का? कुणी केलीये का पुण्यात?

नानाची_टांग
करा हवी तर, पण आकडा त्याला सांगू नका. अमेरिकेत टर्मन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार उच्च आयक्यूची मुलं निवडून जन्मभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. बरीच नीट शिकली, चांगल्या नोकऱ्या केल्या. नोबेल मात्र त्यातल्या कुणालाच नाही, आणि चाचणीत कमी पडली म्हणून जी मुलं घेतली नव्हती त्यातल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल! शॉकली १९५६, अल्वारेझ १९६८. माझी मुलगी प्रज्ञाशोधला दोन मार्कांनी राहिली तेव्हा तिला हेच सांगितलं होतं, तिने चिडून दार आपटलं तो भाग वेगळा.

रेवा_आई
:D धन्यवाद. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात ते आरशातलं घड्याळ असायचं ना, मला अजून स्वप्नात येतं.

कुक्कुटपालन
आणि रांगेत डावीकडून सातवा उजवीकडून बारावा, तर एकूण मुलं किती.

शमिका
१८. नवरा म्हणतो १९. भांडण चालू.

चार्ल्सकाठी
उशिरा वाचतेय, इथे सकाळ झाली. मृद्गंध, तुझ्या मित्राची तिकिटं वाचून मला सिडिस आठवला. विल्यम जेम्स सिडिस, आमच्या बोस्टनकडचाच. १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डला, लगेच १९१० च्या जानेवारीत गणितातल्या लोकांपुढे चार मितींवर व्याख्यान. वडील मानसशास्त्रज्ञ, त्यांनी जन्मापासून या पोराचं शिक्षण जगाला दाखवायला काढलं होतं, पेपरवाले कायम मागे. मोठा झाल्यावर त्याने काय करावं, साध्या कारकुनी नोकऱ्या, कुणी ओळखलं की नोकरी सोडायची. आणि छंद कुठला तर ट्रामची बदली तिकिटं (एका गाडीतून दुसरीत जायला मिळतात ती) जमवणं! त्यावर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं १९२६ मध्ये, टोपणनावाने. १९४४ मध्ये गेला, ४६ वर्षांचा होता. सगळे 'वाया गेला' असंच लिहितात. मला नाही तसं वाटत, त्याला एकटं सोडलं असतं तर तो तिकिटांतच सुखी होता. तुझ्या मित्राच्या वाट्याला कुणीच आलं नाही आणि याच्या मागे अख्खं गाव.

मृद्गंध_
@चार्ल्सकाठी तिकिटांचं वाचून अंगावर काटा आला. काल फोन केला त्याला, सिडिसचं सांगितलं. म्हणाला "म्या बी ठेवलीत की अजून, पत्र्याच्या डब्यात." मग जरा थांबून, "कापरेकर मास्तरांचं काय मराठीत असलं तर घेऊन ये." शोधतेय. गोदाकाठ, नाशिकमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात काही मिळेल का?

गोदाकाठ
रविवारी मेन रोडला चक्कर मारतो. सापडलं तर कुरिअर करतो, पैशाचं बोलू नकोस.

डोंबिवलीकर_७७
पोचलो घरी. मृद्गंध, तुझा मित्र सबमर्सिबल भरतो का? गावाकडे उंब्रजला बोअरची मोटर जळलीये, पाच एचपी, इकडचे लोक नवीन घ्या म्हणतात.

मृद्गंध_
भरतो की! त्याला विचारून नंबर देते. आणि मोटर द्यायला गेलास की डेमलोचं सांग त्याला, घाईत जाऊ नकोस.